रहिमतपूरवरून गेलेली आगगाडी : चित्रकार, चरित्र आणि 'भीमायन'

चित्रकाराने कथा सांगावयास घेतली की त्याची पहिली अडचण त्याच्याच हातातील कसबातून निर्माण होते. चेहरा हुबेहूब काढता येणे हे त्याचे बळ; आणि चेहरा काढून झाला म्हणजे व्यक्ती उभी राहिली, असे त्याला वाटू लागते. आपल्या विहारांच्या भिंती, जयंतीच्या मिरवणुकीतील चित्ररथ आणि चौकांतील फलक यांवर बाबासाहेबांचे चरित्र रंगविलेले आपण सर्वच पाहतो. बालपण, विलायत, महाड, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा असा क्रम असतो. पण बहुतेक चौकटींत तोच निळा कोट, तेच पुस्तक, तेच उचललेले बोट. हे कोण, हे दुरूनही ओळखू येते. त्यांच्यावर काय गुदरले, हे जवळ गेल्यावरही कळत नाही. वंदनेसाठी प्रतिमा हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु प्रतिमेपुढे प्रतिमा ठेवीत गेल्याने चरित्र तयार होत नाही, आणि हे आपल्या तरुण चित्रकारांना कोणी सांगितलेले दिसत नाही. त्यांना शरीररचना शिकविली जाते, कथारचना क्वचितच.

या दृष्टीने 'भीमायन' या चित्रग्रंथाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. नवयान प्रकाशनाने तो २०११ साली इंग्रजीत काढला. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे टिपण हा त्याचा मुख्य आधार. त्यातील पहिलीच आठवण १९०१ सालची, सातारा जिल्ह्यातील आहे. रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुमारे नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुले साताऱ्याहून त्यांना भेटावयास निघाली. अंगात नवे सदरे, डोक्यावर चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे. पाडळी स्थानकावर ती गाडीत बसली आणि मसूरला उतरली. हा लोहमार्ग रहिमतपूरवरून जातो. रहिमतपूर म्हटले की साहित्यप्रेमींना नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव आठवते, कलाप्रेमींना औंधचे संग्रहालय पाहावयास जाताना उतरण्याचे ठिकाण आठवते. ही चार मुले येथूनच पुढे गेली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गाडीत बसलेल्या त्या मुलांना तोवर प्रवासाचा आनंदच होता. कथेच्या दृष्टीने रहिमतपूर हे अजून काहीही न घडलेले ठिकाण आहे, आणि जाणता कथाकार अशा ठिकाणाला फार जपतो.

औंधचा उल्लेख आला आहे, तर तेथे थोडे थांबू. संस्थानाधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. १९३२ साली त्यांनी अजिंठ्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. कथा सांगण्याचे व चित्र काढण्याचे अशी दोन्ही अंगे एकाच पुरुषाच्या ठायी असण्याचा हा योग विरळा. तथापि कीर्तनकार एका जागी उभा राहून आवाज पालटतो आणि चार पात्रे करतो; चित्राला ती सोय नाही. चित्ररामायणात प्रसंगामागून प्रसंग येतात आणि कथा प्रेक्षकाला आधीच पाठ असते. म्हणून चित्राने व्यक्ती घडविण्याची गरजच उरत नाही. ओळख पटली की काम झाले. आपल्या भिंतींवरील चरित्रमाला, कोणाला रुचो न रुचो, याच घाटाच्या आहेत.

व्याम दांपत्य वेगळ्या वाटेने आले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून यजमानांच्या वंशकथा आणि देवकथा गाणे हे त्यांचे काम. कागदावरची त्यांची चित्रकला जनगढसिंह श्याम यांच्यापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून बहरली. तेव्हा कथा त्यांच्या गळ्यात आधी होती, हातात नंतर आली. या पुस्तकासाठी मात्र त्यांना एका अपरिचित माणसाचे, शहरांत आणि कचेऱ्यांत घडलेले चरित्र सांगावयाचे होते. चित्रकथेची रूढ रीत म्हणजे पानाचे चौकोन पाडणे. आपली माणसे अशी चौकोनांत कोंडण्यास त्यांनी नकार दिला. त्याऐवजी, घराच्या भिंतीवर व जमिनीवर काढावयाच्या डिगना या नक्षीचे वळणदार पट्टे पानभर फिरतात आणि प्रसंग त्यांच्या आश्रयाने एकमेकांत मिसळतात. आगगाडी सापासारखी सरपटते. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याचे फवारे श्रोत्यांवर पडतात.

पाश्चात्त्य चित्रकथेला सरावलेल्या वाचकाला हे नवे वाटेल. भारहुत पाहिलेल्याला वाटणार नाही. जेतवनाच्या खरेदीचे तेथील वर्तुळशिल्प आठवावे. बैल सोडलेली गाडी, जमिनीवर अंथरली जाणारी नाणी, आणि त्याच वर्तुळात अनाथपिण्डिक पुन्हा दुसऱ्यांदा, हातात दानाचे पाणी सोडण्याचे पात्र घेऊन. एकाच चौकटीत एकच माणूस दोनदा. काळ तेथे रेषेत मांडलेला नाही, तो जागेत मांडलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील शिल्पींना जे साधले ते आमच्या चित्रकारांना परदेशी चित्रकथांतून शिकावे लागावे, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

भारहुतकडून घ्यावयाचा दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. तेथे तथागतांची मानवी आकृती कोठेही नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पादचिन्हे एवढ्यावर शिल्पी थांबला. मग अजातशत्रू वंदनेला आला हे कसे दाखवावयाचे? रिकाम्या आसनापुढे वाकलेल्या राजाच्या देहातून. ज्याची थोरवी सांगावयाची त्याचा चेहराच नाही. ती भोवतीच्या माणसांवर उमटते. आता बाबासाहेबांचे टिपण पाहावे. मसूर स्थानकावर इतर उतारू निघून गेले, वडिलांकडून कोणी आले नव्हते, मुले ताटकळत राहिली. स्थानकप्रमुखाने आस्थेने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा एकाएकी पालटला. स्वतःच्या चेहऱ्याविषयी बाबासाहेब तेथे काही सांगत नाहीत. त्या मुलाला काय वाटले असेल हे वाचकाला कळते ते समोरच्या माणसाकडे पाहून. व्यक्तिरेखन शिकू इच्छिणाऱ्या चित्रकाराने हे एक पान समोर ठेवून वर्षभर अभ्यास करावा.

येथेच 'भीमायन'विषयीचा आमचा आक्षेप सुरू होतो. व्याम दांपत्याने संवादासाठी एक युक्ती योजिली आहे. सौम्य, प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकारात येते; ज्या बोलण्यात विष आहे त्याच्या आकाराला विंचवाची नांगी असते; मनातल्या विचाराला डोळा असतो. युक्ती सुंदर आहे, आणि न वाचता येणाऱ्यालाही समजते. परंतु वाक्य वाचण्यापूर्वीच ते बोलणारा कसा आहे याचा निकाल तीत लागून जातो. मूळ टिपणातील माणसे इतकी सरळ नाहीत. चेहरा पालटलेला तोच स्थानकप्रमुख नंतर मुलांसाठी गाडीवाल्यांशी बोलणी करतो, आणि मुलांनीच गाडी हाकावी, गाडीवानाने पायी चालावे, हा तोडगाही त्याच्याच डोक्यातून निघतो. गाडीवान दुप्पट भाडे घेतो, विटाळ नको म्हणून चालतो. आणि पुढे काळोखात तोच गाडीवान उडी मारून मुलांशेजारी येऊन बसतो. बाबासाहेबांना त्याचे नवल वाटले होते आणि ते त्यांनी नोंदविले आहे. जकात नाक्यावरचा माणूस तर मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगितल्यावरही पाणी देत नाही. यातल्या कोणाला नांगी द्यावी आणि कोणाला पंख? जातिव्यवस्था दुष्ट माणसांवर चालत नाही, ती सामान्य, वेळप्रसंगी मदतही करणाऱ्या माणसांवर चालते. हेच तर त्या आठवणीचे मर्म आहे. खलपुरुष काढणे चित्रकाराला सोपे. अर्धवट भला माणूस काढणे कठीण, आणि 'भीमायन' त्या अवघड जागेपाशी आले की नक्षीचा आधार घेते.

रचनेच्या बाबतीत मात्र हा ग्रंथ आमच्या अभ्यासकांना चकित करील. त्याचा आरंभ होतो तो आजच्या एका शहरातील बसथांब्यावर, आरक्षणाविषयी तक्रार करणाऱ्या माणसाच्या बोलण्यातून. त्याला उत्तर म्हणून जुनी कथा सांगितली जाते. पाणी, निवारा आणि प्रवास असे तिचे तीन भाग आहेत. त्यांत १९०१ चा प्रवास, बडोद्यातील १९१७ चे बेघरपण, चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादचा हौद येतात. जातक वाचणाऱ्यास हा घाट परिचयाचा आहे. पाचशे सत्तेचाळीस जातकांच्या अट्ठकथेत आधी पच्चुप्पन्नवत्थु, म्हणजे वर्तमानातील निमित्त, मग अतीतवत्थु, गाथा व त्यांचे वेय्याकरण, आणि शेवटी समोधान, ज्यात तेव्हाचा अमुक तो आताचा अमुक, अशी सांगड घातली जाते. समोधान हा कथेचा उपचार नव्हे. भूतकाळातील गोष्ट ऐकून सुटू पाहणाऱ्या श्रोत्याला तेथे पकडले जाते. 'भीमायन'मध्ये हे काम अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या करतात. १९०१ च्या तहानेशेजारी आपल्या काळातील पाणवठ्यावरच्या मारहाणीची बातमी येते आणि वाचक चपापतो. पुस्तकाचा हा भाग आम्हांस सर्वांत समर्थ वाटला. उलट बसथांब्यावरची माणसे बोलतात पुष्कळ, पण माणसे म्हणून उभी राहत नाहीत. ती केवळ प्रश्न आणि उत्तर आहेत. जातकातील निमित्ताच्या कथांतही हा दोष आढळतो, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

व्यक्ती उभी राहते ती कृतीतून, निवडीतून. धम्माच्या भाषेत बोलावयाचे तर चेतनेतून. मातंग जातकातील दिट्ठमंगलिका घ्या. ही वाराणसीच्या श्रेष्ठीची कन्या, चांडाळ दृष्टीस पडला म्हणून सुगंधी पाण्याने डोळे धुते. तिचे रूप, वय, वस्त्र काहीही न सांगता एवढ्या एका कृतीने ती पुरती समजते. आणि तिच्या माणसांकडून मार खाल्लेला मातंग तिच्या पित्याच्या दारात आडवा पडून राहतो, उठत नाही. दोन कृती, दोन माणसे. चित्रकाराला याहून अधिक काय हवे? पाण्याचाच प्रसंग हवा असेल तर प्रकृती आहे. ही कथा पालीतील नव्हे, संस्कृत दिव्यावदानातील. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात तिला स्थान दिले, एवढे आम्हांस पुरे आहे. आनंद पाणी मागतो, मुलगी आपली जात सांगते, तो म्हणतो की मी पाणी मागितले, जात नव्हे. मसूरला नेमके उलट झाले. तेथे आधी जात विचारली गेली, आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. ही दोन चित्रे एका भिंतीवर समोरासमोर असलेली आम्ही अद्याप पाहिलेली नाहीत.

ग्रंथाच्या नावाविषयी दोन शब्द. 'भीमायन' म्हणताच रामायणाचा ध्वनी उमटतो, आणि आपल्या अनेक वाचकांना तो खटकेल, आम्हांसही खटकतो. अयन म्हणजे वाटचाल, हा अर्थ घेतला तर नाव अन्वर्थक ठरते, हे खरे. परंतु चित्ररामायणाच्या घाटातून आपल्या चित्रकारांना बाहेर काढावयाचे, तर पाटीवर तेच नाव कशाला?

ज्या तरुण चित्रकाराला हे काम करून पाहावयाचे असेल त्याने सुरुवातीलाच मसूर काढू नये. रहिमतपूरवरून पुढे जाणाऱ्या डब्यातली चार मुले काढावीत, टोप्यांसकट. त्यानंतर बैलगाडी काढावी, काळोखात, कासरा हाती घेतलेल्या पोरांसह. आणि त्यांच्याशेजारी नुकताच येऊन बसलेला तो गाडीवान.