प्रश्न, पुरावा आणि उपकार : ‘१९८७’ व ‘सामना’

जांग जून-ह्वान यांचा ‘१९८७’ (२०१७) हा कोरियन थरारपट आणि विजय तेंडुलकर लिखित, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : त्या माणसाचे काय झाले? प्रश्न एक असूनही त्याचे रूपबंध दोन का होतात, हे तपासले असता सत्तेच्या दोन प्रकारांतील भेद स्पष्ट होतो.

चुन दू-ह्वान यांच्या राजवटीत, जानेवारी १९८७मध्ये, पार्क जोंग-चुल हा विद्यार्थी पोलीस कोठडीत पाण्यात बुडवून केलेल्या छळाने मरण पावला. टेबलावर हात आपटताच तो कोसळला, असा खुलासा पोलिसांनी केला. चित्रपटात सरकारी वकील घाईच्या दहनाला संमती नाकारतो, डॉक्टर पाहिलेले सांगतो, तुरुंगातील कर्मचारी निरोप बाहेर पोचवतो. येथे नायक एक नाही. नकारांची साखळी हाच नायक आहे. ती जूनमधील जनआंदोलनापर्यंत पोचते आणि २९ जून रोजी राजवटीला थेट अध्यक्षीय निवडणूक मान्य करावी लागते. सत्ता आणि तिच्या यंत्रणेतील माणूस यांच्यात फट असते, हे या रचनेचे गृहीतक होय.

‘सामना’त हे गृहीतक टिकत नाही. हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) गावावर बंदूक रोखत नाहीत. ते गावाला पोसतात. मारुती कांबळेविषयी विचारणारा मास्तर (श्रीराम लागू) हा दारूच्या आहारी गेलेला जुना गांधीवादी त्यांच्याच आश्रयाला राहतो. पुराव्याची जागा येथे उपकाराने घेतली आहे. म्हणून पाठलागाऐवजी संवाद हाच थरार ठरतो. हा चित्रपट १९७५च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्याच वर्षी २५ जूनला देशात आणीबाणी आली. परंतु ‘सामना’ने दाखवलेल्या सत्तेला आणीबाणीची गरजच नव्हती.

लष्करी राजवट आणि निवडून येणारे गावपुढारी यांची तुलना अप्रस्तुत आहे, असा आक्षेप येथे संभवतो. उजनीकाठच्या गावांतून पाहिले असता त्याचा जोर कमी होतो. भीमेवरील हे धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही उघडे पडते. त्याच पाण्यावर काठाचा ऊस उभा राहिला. गेलेल्या जमिनीचे काय झाले, असे विचारायचे ते बहुधा त्याच पुढाऱ्याला, ज्याच्या कारखान्याला ऊस घालायचा असतो. हे मौन केवळ भीतीचे नाही. ते मिंधेपणाचेही आहे. ‘१९८७’ला भीती ठाऊक आहे, मिंधेपणा ठाऊक नाही.

तथापि ‘सामना’ची मर्यादाही येथेच आहे. गुन्ह्याची कबुली अखेर हिंदुरावांच्याच तोंडून येते. संघर्ष दोन माणसांत राहतो आणि गाव प्रेक्षक होते. प्रतिकाराचे यश सत्ताधाऱ्याच्या विवेकावर सोपवले, की सत्तेची रचना अबाधित राहते. ‘१९८७’ हे यश सामान्यांच्या लहानलहान नकारांवर सोपवतो, आणि त्यासाठी त्यांना थोर ठरवत नाही.

सत्तेचे निदान ‘सामना’ अधिक खोल करतो. प्रतिकाराचे आकलन ‘१९८७’ला अधिक आहे. मिंध्या माणसांच्या नकाराची साखळी कशी जुळते, हे सांगणारे मराठी कथानक अद्याप लिहायचे राहिले आहे. उजनीकाठी त्याची सामग्री विपुल आहे.