रिकामा बोगदा, उठवलेली वस्ती

अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या पोटात दोन मैलांहून अधिक लांबीचा रेल्वेचा बोगदा आहे. त्यात फलाट आहेत, जिने आहेत. गाडी मात्र आजवर एकही धावलेली नाही. रूळसुद्धा पडले नाहीत. तिकडे ही कहाणी बहुधा फसलेल्या स्वप्नाची गंमत म्हणून सांगितली जाते: महायुद्ध आले, महागाई वाढली, राजकारण्यांनी घोळ घातला, मोटारी आल्या. यातले काहीच खोटे नाही. आमचा आक्षेप आहे तो ही कहाणी जिथे थांबवतात त्यावर.

१९१६ साली (याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले) सिनसिनाटीच्या मतदारांनी साठ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. जुन्या कालव्याच्या पात्रात भुयारी रेल्वे आणि वर प्रशस्त रस्ता, अशी योजना होती. काम सुरू व्हायला १९२० साल उजाडले. दशक संपायच्या आत पैसा संपला. वरचा रस्ता १९२८ साली खुला झाला, खालचा बोगदा तसाच राहिला. त्याचे कर्ज शहर १९६६ पर्यंत फेडत होते. मधल्या काळात त्यातून पाण्याची मोठी वाहिनी नेली, एका स्थानकात बाँबहल्ल्यापासून बचावाचा आसरा केला. म्हणजे रिकाम्या पोकळीला दशकानुदशके सांभाळण्याची, तिचा काही ना काही उपयोग शोधण्याची चिकाटी या नगरशासनाजवळ होती.

ही चिकाटी माणसांच्या वाट्याला का आली नाही?

बोगद्याच्या पश्चिमेला लागूनच वेस्ट एंड हा भाग. दक्षिणेतील वर्णद्वेषातून बाहेर पडलेली हजारो काळी माणसे येथे येऊन राहिली होती, कारण शहरात इतरत्र त्यांना सहजी घर मिळत नव्हते. १९४८ च्या शहर आराखड्याने या वस्तीच्या दक्षिण भागावर कारखान्यांसाठी रेघ मारली. १९५६ च्या कायद्याने महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला आणि मग दिरंगाई कुठच्या कुठे पळाली! केन्यन-बार नावाने ओळखला जाणारा हा भाग सपाट झाला, पंचवीस हजारांहून अधिक माणसे उठवली गेली. जवळपास सगळी काळी. कागदोपत्री ही वस्ती ‘गलिच्छ’ ठरली होती. हा शब्द आपल्या कानांना नवा नाही.

बोगद्यातून गाडी धावली असती तर वस्ती वाचली असती, असे आम्ही म्हणत नाही. तशी भाबडी आशा कशाच्या बळावर करावी? पण एकाच नगराने एका अपुऱ्या बांधकामाला वेळ दिला आणि नांदत्या घरांना दिला नाही, हे दोन वेगळ्या ग्रंथांचे विषय नव्हेत. काळ्या पँथरांवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या वारसदारांना तरी हे दोन विषय वेगळे ठेवता येणार नाहीत.

२०२३ साली नगरपरिषदेने या विस्थापनाबद्दल रीतसर माफी मागितली. त्या माफीहून बोलके दप्तर मात्र आधीपासून शहरातच होते. पाडापाडीपूर्वी अधिकाऱ्यांनी इमारतींची छायाचित्रे काढून ठेवली होती. त्यांत इमारतीपुढे एक माणूस क्रमांकाची पाटी धरून उभा असतो. कॅमेऱ्याला हवा होता तो क्रमांक. काही चित्रांत मात्र त्याच्या मागे, कुणी न बोलावता, त्या घरांत राहणारी माणसे आली आहेत.