न बसलेली घडी

कार्यशाळा ठरवायला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, मुलं घरी काय घेऊन जाणार?’ दुसरा प्रश्न फीचा. कोणता कागद वापरणार, हे वीस-बावीस वर्षांत मला एकाही आयोजकाने विचारलेले नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला निदान ‘जलरंग की पोस्टर कलर?’ एवढे तरी विचारतात. कागद मात्र गृहीत धरलेला. तो रद्दीत ढिगाने पडलेला असतो, आणि नाहीच मिळाला तर वहीचे मधले पान आहेच.

आपल्याकडच्या कागदकलेची आजची अवस्था सांगायची तर मी इथूनच सुरुवात करीन. प्रसार उदंड झाला आहे. मी शिकवायला लागले तेव्हा ‘ओरिगामी’ हा शब्द फळ्यावर लिहून समजावावा लागे. आता पहिलीतले पोर तो मला उच्चारून दाखवते आणि वर ‘मला ड्रॅगन येतो’ असेही सांगते. मुंबई-पुण्यातले ‘ओरिगामी मित्र’ हे मंडळ ‘वंडरफोल्ड’ नावाने प्रदर्शने भरवते आणि तिथे गर्दी होते. क्विलिंगच्या पट्ट्या, पंचिंग मशीन, रंगीत कार्डशीट हे सगळे बोहरी आळीत आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर हारीने लटकलेले दिसते. एवढे असूनही घडीकडे पाहायची नजर तयार झालेली नाही. याचा दोष बाजाराइतकाच आम्हा शिकवणाऱ्यांकडेही जातो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक टेबल हमखास असते. त्यावर पाटी असते ‘टाकाऊतून टिकाऊ’. या दोन शब्दांनी कागदकलेचे जेवढे भले केले तेवढेच वाटोळे केले, असे माझे मत होत चालले आहे. भले असे की फुकटच्या सामानात काम भागते म्हणून गरिबातल्या गरीब शाळेतही ती शिरली. वाटोळे असे की जे टाकाऊतून आले ते संमेलन संपले की टाकाऊतच जाते. दोन दिवस खपून केलेली वस्तू सोमवारी शिपाईकाका केरसुणीने गोळा करतात आणि कोणाला काही वाटत नाही. टिकाऊ होण्याची तिच्याकडून अपेक्षाच नव्हती.

या पाटीचे पितृत्व पुष्कळजण अरविंद गुप्तांना देतात, ते मला पटत नाही. टेल्कोत अभियंता असलेले गुप्ता १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले आणि तिथून काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांगाडे घेऊन आले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यात कचरा आहे, कारण तो मुलाच्या हाताशी असतो आणि मोडला तरी कोणी रागावत नाही. खेळणे उकलून आत काय चालले आहे ते बघता यावे, हा तिथला हेतू. आमच्या शाळांनी कचरा उचलला आणि उकलणे सोडून दिले. मग आदल्या रात्री आई जागून बाटलीला लोकरीचे केस चिकटवते आणि सकाळी मुलाला ‘कार्यानुभव’मध्ये अ श्रेणी मिळते.

खरे तर शाळेतल्या घडीचा वारसा आपल्याकडे चांगला दणकट आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालवाडीत मुलांना द्यायच्या साहित्यात कागदाच्या घड्या होत्या. त्या साहित्यावरून सुचून टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासला ‘जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक छापले. पट्टी-कंपासाऐवजी चौकोनी कागद दुमडत जायचा आणि भूमिती उलगडत न्यायची, अशी त्याची रीत. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १९०१ साली ते शिकागोतून पुन्हा निघाले. घड्यांच्या गणितावर जगात कुठेही लिहिताना आजही या पुस्तकाचे नाव घ्यावे लागते. माझ्या कार्यशाळांना येणाऱ्या गणिताच्या शिक्षकांपैकी ते ऐकलेले मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. पाठ्यपुस्तकात कोनाचा दुभाजक घडीने काढायची कृती असते; वर्गात ती वाचून दाखवतात. कंपास-पट्टीने प्रत्येक कोनाचे तीन सारखे भाग करता येतातच असे नाही, पण हिसाशी आबे यांच्या रीतीने कागदाच्या घडीत ते होतात, हे आठवीच्या वर्गात करून दाखवले की मागच्या बाकावरची मुले पुढे येतात. तेवढ्या एका तासासाठी मी आख्खा दिवस एसटीत घालवायला तयार असते.

कलाशिक्षणाला कायद्यातही जागा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुले असतील तर कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत असे स्पष्ट लिहिलेले आहे. मी गेले त्या बहुतेक शाळांत हा निदेशक कागदावरच भेटला. (कागदकलेचा एवढाच प्रकार सरकारला छान जमतो.)

शाळेबाहेर बाजार आहे, आणि बाजाराला घडी नको असते, वस्तू हवी असते. क्विलिंगची लाट आली तेव्हा मीही त्यात उतरले, नाकारत नाही. तीन आणि पाच मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळून कानातली, फ्रेमा आणि गणपती करणाऱ्या शेकडो बायकांना त्यातून स्वतःचे चार पैसे दिसले, ही त्या लाटेची मोठी कमाई. पण दोन-तीन वर्षांत सगळ्यांचे मोर एकाच मोराची पिल्ले वाटू लागले. नंतर तयार किट आले, कापलेले, आखलेले, मागे चिकटपट्टी लावून दिलेले. दोन तासांत बत्तीस मुलांच्या बत्तीस सारख्या वस्तू होतात, पालक फोटो काढतात, कोणाचे काही बिघडत नाही. बिघडत नाही म्हणून शिकणेही होत नाही. घडी चुकली की कागदावर तिचा वळ राहतो, तो पुसता येत नाही आणि पुढची प्रत्येक घडी त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते. मला जे शिकवायचे असते ते त्या चुकीच्या वळापासून पुढे असते.

व्हिडिओंबद्दल माझे मत दोनदा बदलले. आधी मी त्यांच्यावर चिडत असे. मग एका आश्रमशाळेत अधीक्षकांच्या मोबाइलवर बघून जपानी रचनाकार तोशिकाझु कावासाकींचा गुलाब केलेला मुलगा भेटला. पिळाची ती घडी चांगल्या चांगल्यांना चकवते. त्याने ती सिमेंटच्या पिशवीच्या आतल्या कागदावर केली होती. त्या दिवसापासून चिडणे बंद केले. पण त्याच मुलासमोर आकृत्यांचे पुस्तक ठेवले तेव्हा त्याला एक पायरीही लागेना. अकिरा योशिझावा यांनी १९५०च्या दशकात तुटक रेषा आणि बाण यांची जी खूणभाषा बसवली, ती या कलेची स्वरलिपी आहे. भातखंड्यांनी बंदिशी लिहून ठेवल्या म्हणून घराण्याबाहेरच्यालाही त्या वाचता आल्या, तसे हे. व्हिडिओतून मुलाला एक गुलाब मिळतो. खूणभाषा आली तर न पाहिलेले फूलही त्याला करता येते, आणि स्वतःला सुचलेले दुसऱ्यासाठी लिहून ठेवता येते. आपल्याकडे नवी रचना फार थोडे लोक करतात, याचे एक कारण मला इथे दिसते.

दुसरे कारण जरा लाजिरवाणे आहे. आम्ही नावे सांगत नाही. मित्सुनोबु सोनोबे यांच्या रचनेतले घडीचे सहा घटक एकमेकांत जोडले की घन होतो आणि तीस जोडले की टोकेरी गोळा. हा गोळा मी आठ-नऊ वर्षे ‘कागदी कदंब’ म्हणून शिकवत होते. एका प्रदर्शनात एका कॉलेजच्या मुलीने विचारले, ‘मॅडम, हे तुमचं डिझाइन का?’ मी ‘पारंपरिक आहे’ असे ठोकून दिले. घरी येऊन पुस्तक उघडले तर पहिल्याच ओळीत नाव. ज्या कलेत कर्त्याचे नाव लागत नाही तिथे कर्ता व्हावेसे कोणाला का वाटेल? संगीताच्या मैफलीत बंदिश कोणाची हे सांगायची रीत आपल्याला आहे. कागदाच्या बाबतीत सगळेच ‘नेटवरून घेतलं’.

आणि या कलेची बाजू मांडायची वेळ आली की आम्ही लगेच अवकाशात जातो. कोर्यो मिउरा यांची घडी १९९५ साली जपानी उपग्रहावर गेली, मनू प्रकाश यांनी कागद दुमडून सूक्ष्मदर्शक केला, हे सगळे खरे आणि थोर आहे. पण नाटकवाल्याला नाटकाची उपयुक्तता सिद्ध करायला असे उपग्रह सोडावे लागत नाहीत.

आता कागदाकडे येते. जुलैत रत्नागिरीला कार्यशाळा घेतली तेव्हा पुण्याहून नेलेला कोरा करकरीत गठ्ठा दुसऱ्या दिवशी पापडासारखा सादळला होता. नखाने दाबलेली घडी दोन मिनिटांत आपोआप उघडायची. शेवटी सगळे कागद इस्त्रीखाली घातले. कागद हवेतले पाणी पितो, त्याच्या तंतूंना दिशा असते, त्या दिशेने घडी सरळ बसते आणि आडवी घातली तर फुटते. कामाची ही पहिली अक्षरे कोणत्याच किटच्या पाठीवर छापलेली नसतात. ज्या मुलखात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके चिंध्यांच्या लगद्यातून कागद उचलला गेला, जुन्नरी कागदावर दप्तरे लिहिली गेली, गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली, तिथे घडीकाम करणारे आम्ही झेरॉक्सचा सत्तर जीएसएम नाहीतर परदेशी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन वापरतो. एका हातकागदाच्या दुकानात मी पातळ, लांब तंतूंचा कागद मागितला. विक्रेत्याने लग्नपत्रिकांचा आल्बम पुढे केला. त्याचे चुकले नाही. माझ्यासारखी गिऱ्हाइके महिन्याला दोन आली असती तर त्याने तो कागद ठेवलाही असता.

एका ठिकाणी मात्र ही कला अजून अंगणात जिवंत आहे, ते म्हणजे आकाशकंदील. तिथे कामट्या, दोरा, खळ आणि पतंगी कागद यांचा संसार असतो. करंज्यांचा कंदील नीट पाहावा. चौकोनी कागदाची समोरासमोरची टोके घडी न दाबता चिकटवली की करंजी फुगीर राहते आणि तिच्या पोटात उजेड साठतो. घडी कुठे घालायची नाही हे कळणे ही या कामातली वरची पायरी, आणि ती आपल्या आज्या-आत्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय गाठली होती. माहीमच्या कंदील गल्लीतून फिरताना प्लास्टिकच्या आणि खणाच्या कंदिलांमधून असा एखादा दिसला की मी थांबते. एलईडीमुळे तर नवी सोय झाली आहे. दिवा तापत नाही, म्हणून कागद त्याच्या अगदी जवळ नेता येतो, घड्यांच्या सावल्या खेळवता येतात. ही सोय ध्यानात घेऊन रचना करणारा कंदीलवाला मला अजून भेटायचा आहे.

मखरांचे उलटे झाले. २०१८च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोल गेला आणि पुठ्ठा आला. म्हटले, आता आपले दिवस आले. पण लेसरने कापलेली जाळी म्हणजे थर्माकोलचेच नक्षीकाम, फक्त सामान बदललेले. खाचेत खाच अडकवून, डिंकाविना उभी राहणारी आणि विसर्जनानंतर गादीखाली सपाट जाणारी काही मखरे निघाली आहेत, ती मात्र अस्सल. त्यांत पुठ्ठ्याला पुठ्ठ्यासारखे वागू दिले आहे.

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका वाचनालयात दोन दिवस शिकवत होते. नातीला सोडायला आलेले एक आजोबा मागे खुर्चीवर बसून राहिले. आयुष्यभर किराणा दुकान चालवलेले. मी मुलांना डिंकाविना पाकीट शिकवत होते, सात पायऱ्यांचे. ते उठून आले, वर्तमानपत्राचा तुकडा उचलला आणि हातात काहीतरी आहे असे समजून, तळहातावरच, पुडी बांधली. दोरा नाही, डिंक नाही. उलटी करून हलवून दाखवली. ‘हिंगाची,’ म्हणाले. ‘याच्यात वास राहतो.’

मी म्हटले, ‘आजोबा, मुलांना शिकवाल का?’

‘यात काय शिकवायचं?’ ते म्हणाले, आणि खरेच त्यांना समजले नाही मी काय विचारते आहे ते. दुकानात प्लास्टिकच्या पिशव्या आल्यापासून त्यांनी पुडी बांधली नव्हती. वैद्याची, अंगाऱ्याची, चहाच्या भुकटीची अशा वेगवेगळ्या पुड्या असतात एवढे सांगून ते चहा प्यायला गेले. दुपारी नातीला घेऊन गेले ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

ती पुडी मी घरी आणली आणि सवयीप्रमाणे उलगडली. कागदावर अकरा घड्या मोजल्या. डोंगरघड्या, दरीघड्या आखून आकृतीही काढली. पण परत बांधायला गेले की टोक सुटते. शेवटची उजवीकडची घडी आत जाते की तिच्याखालून बाहेर येते, ते मला अजून लागलेले नाही.