भयकथाकाराचा पत्रसंग्रह : संपादनाचा एक प्रश्न

पत्रसंग्रहास ‘निवडक’ हे विशेषण लागले की काय गाळले, हे अभ्यासकाने विचारलेच पाहिजे. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे ‘मौज’ने ‘निवडक’ म्हणूनच काढली. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट याच्या पत्रांचे पाच खंडही (१९६५–७६) निवडकच होते, आणि त्यांतील कित्येक पत्रे काटछाट केलेली; पुढे एकेका पत्रमित्राची पत्रे समग्र छापण्याचे काम इतरांस नव्याने हाती घ्यावे लागले.

नारायण धारप (१९२५–२००८) यांची पत्रे छापावयाची झाल्यास हा प्रश्न अधिक तीव्र होईल. ‘लुचाई’चे स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’शी असलेले नाते सर्वश्रुत आहे. परकी कल्पना मराठी घरात कशी रुजविली, हे कथेवरून कळते. परंतु ते पुस्तक लेखकाच्या हाती केव्हा आले, हे सांगणारे एखादे दोन ओळींचे कार्डच असावयाचे. असली कार्डे ‘वाङ्मयीन मूल्य नाही’ म्हणून प्रथम वगळली जातात. मग उसनवारीचा आरोप करणारे आणि तो झटकणारे, दोघेही तारखेवाचून भांडावयास मोकळे! खाजगी मजकूर अवश्य गाळावा. मात्र किती ओळी गाळल्या ते त्या त्या जागी नोंदवावे आणि मूळ पत्रे एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत.