‘चौल’ : एका स्थलनामाची चिकित्सा

रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ वसलेल्या चौल या प्राचीन बंदराचे नाव ‘चंपावती’वरून आले, अशी परंपरागत समजूत आहे. ही उपपत्ती रम्य असली तरी ध्वनिपरिवर्तनाच्या कसोटीस ती उतरत नाही. ‘म्प’ या जोडाक्षरातील ओष्ठ्य स्पर्शवर्ण मराठीत टिकून राहतो. ‘चंपक’चा ‘चाफा’ होतो, ‘कंप’चे ‘कापणे’ होते. ‘चौल’मध्ये त्याचा मागमूसही नाही.

कान्हेरी येथील प्राकृत लेखांत ‘चेमुल’ हे नाव येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमी या बंदरास ‘सिमुल्ल’ म्हणतो आणि तद्देशीय लोक त्यास ‘तिमुल’ म्हणतात, अशी पुस्तीही जोडतो. हा विरोध केवळ वरवरचा होय. ग्रीक भाषेत ‘च’ हा वर्ण नव्हता. म्हणून चंद्रगुप्ताचा ‘सँड्रोकोट्टस’ झाला, तर चष्टनाचा ‘तियस्तनेस’. दोन्ही रूपे मिळून मूळचा ‘च’च सिद्ध करतात.

पुढील वाटचाल बरीच नियमित आहे. स्वरमध्यस्थ ‘म’चा ‘व’ होतो (ग्राम : गाव, नाम : नाव). तदनुसार ‘चेमुल’पासून ‘चेवुल’ व ‘चेऊल’ सिद्ध होते, आणि ‘चेऊल’ हेच रूप शिवकालीन कागदपत्रांत आढळते. ‘देऊळ’ या शब्दात ‘एऊ’ टिकून राहिला, येथे मात्र त्याचा ‘औ’ झाला. हा बदल सार्वत्रिक नियमाचा नसून, नित्य उच्चारातील संकोचाचा मानणे प्राप्त होते.

खरी अडचण अंत्य ‘ल’ची आहे. प्राकृतातील एकेरी स्वरमध्यस्थ ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो (कुल : कूळ). मग ‘चौळ’ का नाही? शिलाहारांच्या शके 1016 च्या खारेपाटण ताम्रपटातील नाव ‘चेमुली’ तसेच ‘चेमूल्य’ असे वाचले जाते. दुसरे वाचन ग्राह्य धरल्यास ‘मूल्य : मोल’ या न्यायाने ‘ल’ची उपपत्ती लागते. टॉलेमीच्या ‘सिमुल्ल’मधील द्वित्वही तिकडेच बोट दाखवते. कान्हेरीतील एकेरी ‘ल’ येथे आड येत नाही, कारण त्या काळच्या प्राकृत लेखांत द्वित्व बहुधा लिहिले जात नसे.

तात्पर्य, ‘चंपावती’ हे ‘चौल’चे मूळ नव्हे; जुन्या नावावर मागाहून चढविलेला तो संस्कृत साज होय. स्थलनामाच्या अभ्यासात माहात्म्यकथेपेक्षा एखाद्या ‘ल’ची साक्ष अधिक मोलाची ठरते, ती अशी.