परतलेल्या ई-पत्राची ओळख : 'बीएटीव्ही' पद्धतीची चिकित्सा

यवतमाळसारख्या ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात सकाळी संगणक उघडताच 'आपला संदेश पोहोचू शकला नाही' अशा शेकडो सूचना दिसाव्यात, आणि त्यांतील एकही संदेश महाविद्यालयाने पाठविलेला नसावा, हा प्रकार वरकरणी अनाकलनीय वाटतो. त्याचे मूळ मात्र ई-पत्राच्या रचनेतच आहे. कोणीतरी महाविद्यालयाचा पत्ता प्रेषक म्हणून लिहून बनावट पत्रे पाठविलेली असतात व न पोहोचलेली पत्रे त्या पत्त्याकडे परत येतात.

टपालाशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. 1898 च्या भारतीय डाकघर कायद्यानुसार (हा कायदा 2024 मध्ये नव्या कायद्याने मागे पडला) ज्याचा प्रेषक बाहेरून कळत नसे असे न पोहोचलेले पत्र नेमलेला अधिकारी उघडून पाही व आतील पत्त्यावरून परत करी. ई-पत्राचा सर्व्हर एवढे कष्ट घेत नाही. 1982 च्या आरएफसी 821 पासून त्याचा नियम एकच : लिफाफ्यावर जो परतीचा पत्ता असेल त्याकडे सूचना धाडावी. सूचनेचा स्वतःचा परतीचा पत्ता मात्र कोरा ठेवावा, म्हणजे दोन सर्व्हर एकमेकांकडे सूचनाच परतवीत बसणार नाहीत.

बनावट सूचना ओळखण्यासाठी डेव्हिड क्रॉकर व सहकाऱ्यांनी सुचविलेली पद्धत म्हणजे बीएटीव्ही. पत्र बाहेर पडताना सर्व्हर लिफाफ्यावरील प्रेषक-पत्त्यास एक खूण जोडतो. तीत किल्लीचा एक अंक, मुदत सांगणारे तीन अंक आणि गुप्त किल्लीच्या साहाय्याने काढलेली सहा चिन्हांची सही असते. मुदत साधारणतः सात दिवसांची. कोऱ्या पत्त्याची सूचना आली की सर्व्हर ही खूण तपासतो. खूण नसेल वा खोटी असेल तर सूचना नाकारतो. सहीच्या 1 कोटी 67 लाखांहून अधिक शक्यता असल्याने अंदाजाने ती जुळणे कठीण. डाकघराची मोहर कोणालाही वाचता येते. ही मोहर मात्र जिने उमटविली तीच यंत्रणा पडताळू शकते. जगातील इतर कोणत्याही सर्व्हरच्या सहकार्यावाचून चालणारी ही योजना आहे, आणि हे तिचे खरे सौंदर्य होय.

दोषही येथेच दडला आहे. प्रत्येक पत्र त्याच सर्व्हरमधून बाहेर पडते, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न अशा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने बहिःस्थ परीक्षकास प्रात्यक्षिक परीक्षेचे पत्र पाठविले अशी कल्पना करावी. वीज गेलेली, म्हणून लिपिकाने महाविद्यालयाच्याच नावे, पण दुसऱ्या सेवेच्या सर्व्हरमधून ते धाडले. घाईत परीक्षकाच्या पत्त्यातील एक अक्षर चुकले. पत्र परतले, पण त्यावर खूण नाही, म्हणून महाविद्यालयाच्या सर्व्हरने ती खरी सूचना बनावट ठरवून नाकारली. सूचनेचा परतीचा पत्ता कोरा असल्याने तिच्या नाकारण्याची वार्ता कोणासही जात नाही. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी प्रयोगशाळेत बसलेले आणि परीक्षकाचा पत्ता नाही! बनावट सूचनांचा ढीग डोळ्यांना दिसतो, ही हानी दिसत नाही. म्हणून पद्धतीच्या यशाचे मोजमाप करताना ती हिशेबात धरली जात नाही. काही चर्चा-सूची लिफाफ्यावरील पत्त्यावरून सभासद ओळखतात. रोज बदलणाऱ्या खुणेमुळे जुना सभासदही त्यांना परका वाटतो.

आरएफसीचा दर्जा या मसुद्यास मिळाला नाही, याचे नवल वाटू नये. अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. बनावट सूचनांचे मूळ, आधी पत्र स्वीकारून मग 'असा कोणी येथे नाही' असे कळविणाऱ्या सर्व्हरांत आहे. संभाषण चालू असतानाच त्यांनी अनोळखी प्राप्तकर्ता नाकारला, तर परतीची सूचना लिहिण्याचे काम पाठविणाऱ्या यंत्रणेकडेच राहते आणि त्रयस्थाच्या दारात ती येतच नाही. एसपीएफ (2006) व डीकेआयएम (2007) यांनी बनावट प्रेषक ओळखण्याचा भार प्राप्तकर्त्याच्या दाराशी नेला. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणात पत्रे पाठविणाऱ्यांना या दोन्ही सक्तीच्या केल्या. बीएटीव्ही मात्र ज्याच्या नावाचा गैरवापर झाला त्यालाच पहाऱ्यावर बसविते. स्वतंत्र तंत्रज्ञ नसलेल्या महाविद्यालयाने ही पद्धत सुरू करण्यापूर्वी आपली पत्रे कोणकोणत्या मार्गांनी बाहेर पडतात, याची यादी तरी करावयास हवी. बहुतेक कार्यालयांत तशी यादी कधी केलेलीच नसते.