स्वरलेखन आणि मोकळी जागा : एका खेळाच्या निमित्ताने

स्वरलेखन हे संगीताचे स्मरण आहे, की परीक्षण? पंडित भातखंडे यांची 'क्रमिक पुस्तकमालिका' चाळताना हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. तेथे गाणारा एक व लिहिणारा दुसरा होता. परंतु रचनाकारानेच आपले गीत परक्या हातांसाठी लिहावयास घेतले तर काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण 'रॉक बँड' या व्हिडिओ गेममध्ये सापडते.

हार्मोनिक्स या अमेरिकी संस्थेचा हा खेळ २००७ साली निघाला. पडद्यावरून सरकत येणाऱ्या रंगीत खुणांबरहुकूम खेळाडूने गिटारसारख्या यंत्राच्या कळा दाबावयाच्या, ढोलाच्या चकत्यांवर आघात करावयाचे, किंवा गाऊन सुराची रेषा धरावयाची. २०१० च्या मार्चमध्ये 'रॉक बँड नेटवर्क' खुले झाले आणि स्वतंत्र गायकवादकांना आपली गाणी स्वतः लिहून त्यात विक्रीस ठेवता येऊ लागली. ती व्यवस्था आता उरलेली नाही. तिने उपस्थित केलेला प्रश्न मात्र उरला आहे.

लेखनाची रीत कष्टाची होती. 'रीपर' या ध्वनिसंपादनाच्या साधनात प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र मुद्रण घेऊन प्रथम लय आखावयाची. नंतर एकच वादन सुलभ, मध्यम, कठीण व निष्णात अशा चार पायऱ्यांवर मांडावयाचे. प्रसिद्धीपूर्वी इतर रचनाकार ते तपासून दोष दाखवीत. यांतील चार पायऱ्यांचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुलभ पायरीसाठी आघात गाळताना काय गाळले तरी गीत ओळखू येते आणि काय गाळताच ते मोडते, याचा निर्णय रचनाकारास करावा लागतो. अलंकार कोणता व अंग कोणते, हा समीक्षेचाच प्रश्न होय. येथे कर्ता स्वतःच आपल्या कृतीचा टीकाकार बनतो.

यावर आक्षेप असा, की अशा लेखनात खुणेबाहेरचे सारे चूक ठरते. वर्धा जिल्ह्यात, देवळीसारख्या गावी, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजन ज्याने ऐकले आहे त्यास हा आक्षेप चटकन पटेल. तेथे ठेका भरणारा हात प्रत्येक आवर्तनात निराळे बोल काढतो, आणि तेच त्याचे कौशल्य मानले जाते. आक्षेप खरा आहे. पण पूर्ण खरा नाही. या खेळात ढोलवादकासाठी काही मोकळ्या जागा राखता येत. काही गीतांच्या अखेरीस सर्वांनाच स्वैर वाजविण्याची मुभा असे; मात्र शेवटचे नेमके आघात साधले तरच तेथील मिळकत पदरी पडे. समेवर येण्याच्या आपल्या कल्पनेशी याचे नाते उघड आहे.

भेद उरतो तो असा : मोकळ्या जागेत काय वाजविले याची पारख यंत्र करीत नाही, भजनात ती पारख साथीदार करतात. म्हणून स्वरलेखनाचे मूल्यमापन करताना त्यात किती लिहिले आहे एवढेच पाहून भागत नाही. कोणती जागा कोरी ठेवली, आणि ती कोणाच्या भरवशावर ठेवली, हे पाहणे अधिक आवश्यक आहे. आपल्या भागातील भजनांचे स्वरलेखन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने लेखणी उचलण्यापूर्वी प्रत्यक्ष गाणाऱ्यालाच एक प्रश्न विचारावा : यातले काय लिहू नये?